यॉर्कटाउननंतरची साडेसात वर्षं: अमेरिकेचं सरकार नेमकं कधी आणि कसं उभं राहिलं?

सांजवात

काही वर्षांपूर्वी मी अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा दिली. तेव्हा 100 प्रश्नांची पुस्तिका होती. त्यातले दहा विचारायचे, सहा बरोबर आले की पास. संध्याकाळी मी पोळ्या लाटायचे आणि नवरा प्रश्न विचारायचा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा कधी? 4 जुलै 1776. राज्यघटना कधी लिहिली? 1787. पहिले राष्ट्राध्यक्ष कोण? वॉशिंग्टन. उत्तरं पाठ झाली, पण या तारखा एकमेकींना जोडायला गेले की मध्ये मोठं भगदाड दिसायचं. ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने यॉर्कटाउनला शस्त्रं ठेवली 19 ऑक्टोबर 1781 ला. वॉशिंग्टनने शपथ घेतली 30 एप्रिल 1789 ला. मधली साडेसात वर्षं हा देश कोण चालवत होतं?

परीक्षा झाली, शपथ झाली, पण हा प्रश्न काही सुटेना. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेले. आता माझं ठाम मत झालंय की अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या गोष्टीत युद्धापेक्षा ही साडेसात वर्षं जास्त कठीण होती, आणि आपण तीच वगळतो. म्हणून हा धागा.

तर, देश चालवत होती काँग्रेस. पण आजची नव्हे. 1777 च्या नोव्हेंबरात काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, एक करारनामा मंजूर केला, 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'. तेरा राज्यांचा महासंघ. तो लागू व्हायला 1 मार्च 1781 उजाडलं, कारण मेरीलँड सही करेना. व्हर्जिनियासारखी राज्यं पश्चिमेकडच्या अफाट जमिनीवर हक्क सांगत होती, आणि ते हक्क सोडल्याशिवाय मेरीलँड येणार नव्हतं. म्हणजे युद्धाची जवळजवळ सगळी वर्षं या देशाने लागू झालेल्या लिखित कराराशिवाय काढली.

करार लागू झाला तरी त्यात होतं काय? प्रत्येक राज्याला एक मत, मग ते केवढंही असो. मोठ्या निर्णयाला नऊ राज्यं हवीत. करारात बदल करायचा तर तेराच्या तेरा. कार्यकारी प्रमुख नाही, राष्ट्रीय न्यायव्यवस्था म्हणावी अशी नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कर बसवायचा अधिकार नाही. काँग्रेसने राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यांनी जमेल तसे द्यायचे. आयात मालावर पाच टक्के जकात घेऊ द्या, एवढंच मागणं 1781 मध्ये पुढे आलं. बारा राज्यांकडून आशा होती. 1782 मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि विषय संपला.

हे का केलं त्यांनी असं? मला वाटतं, ज्या लोकांनी दूरच्या संसदेच्या कराविरुद्ध बंदूक उचलली, ते आपल्याच देशात दुसरी दूरची संसद करायला धजत नव्हते. त्यांची भीती खरी होती. पण त्या भीतीची किंमत सैनिकांनी मोजली. पगार थकले. 21 जून 1783 ला फिलाडेल्फियात सुमारे चारशे सैनिकांनी थकलेल्या पगारासाठी स्टेट हाउसला वेढा दिला. काँग्रेसने पेनसिल्व्हेनियाच्या सरकारकडे संरक्षण मागितलं, ते मिळालं नाही. मग देशाची काँग्रेस उठली आणि प्रिन्स्टनला गेली!

आम्ही प्रिन्स्टनपासून अर्ध्या तासावर राहतो. विद्यापीठातल्या नासाउ हॉलसमोरच्या हिरवळीवर मुलीला कितीदा खेळायला नेलंय. 1783 मध्ये जुलै ते नोव्हेंबर हा देश त्या दगडी इमारतीतून चालत होता, हे मला नंतर कळलं. तिथून काँग्रेस अ‍ॅनापोलिसला गेली, मग ट्रेंटन, मग न्यूयॉर्क. बिऱ्हाड पाठीवर घेतलेलं सरकार.

अ‍ॅनापोलिसमधला प्रसंग वाचताना तर माझ्या पोटात गोळा आला. 3 सप्टेंबर 1783 ला पॅरिसमध्ये तह झाला. फ्रँकलिन, जॉन अ‍ॅडम्स आणि जॉन जे यांनी सह्या केल्या. सहा महिन्यांत मंजुरी देऊन कागद परत पोचायला हवा होता. मंजुरीला नऊ राज्यं लागणार. आणि डिसेंबर उलटत आला तरी सभागृहात सातच राज्यांचे पुरेसे प्रतिनिधी! स्वातंत्र्यावर ब्रिटनने सही केलेली, आणि ते मंजूर करायला माणसं जमत नाहीत. कशीबशी 14 जानेवारी 1784 ला मंजुरी झाली.

त्याच सभागृहात, तीन आठवडे आधी, 23 डिसेंबरला वॉशिंग्टनने सेनापतिपद परत केलं. कफल्लक सरकार, संतापलेली फौज, आणि त्या फौजेचा लाडका सेनापती. अशा वेळी काय होतं हे जगाच्या इतिहासात हजारदा दिसतं. त्याने उभं राहून, वाकून नमस्कार करून नेमणुकीचा कागद परत दिला आणि नाताळला घरी गेला. त्याच्याबद्दल माझ्या इतर तक्रारी आहेत (त्या पुढे येतीलच), पण या एका कृतीसाठी माझा त्याला मनापासून नमस्कार.

1787 च्या उन्हाळ्यात काय झालं ते प्रतिसादात लिहिते. आधी तुमचं वाचायचंय.

पाऊलवाट

वाचतेय. छान धागा. एक शंका, अगदी मुळातली. हे भांडण सुरूच का झालं? चहावरच्या करामुळे, असं आम्ही शाळेत शिकलो. पण एवढ्याशा कराकरता माणसं मरायला तयार होतात?

कागदपत्र

पाऊलवाट, चहा हा शेवटचा अंक होता. सुरुवात 1763 पासून धरा. सात वर्षांच्या युद्धात ब्रिटनने फ्रान्सला उत्तर अमेरिकेतून हुसकलं, पण त्यात डोक्यावर डोंगराएवढं कर्ज झालं. युद्ध तुमच्या संरक्षणासाठीही झालं, तर खर्चातला वाटा उचला, असं लंडनचं म्हणणं. त्याच वर्षी राजाने अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायला मनाई केली. जमिनीवर डोळा ठेवून बसलेले लोक तिथेच दुखावले.

मग 1765 चा स्टँप अ‍ॅक्ट. मी आयुष्यभर नोंदणी आणि दस्तऐवजांच्या कामात होतो, त्यामुळे मला हा कायदा लगेच समजतो. खरेदीखत, परवाना, वर्तमानपत्र, पंचांग, अगदी पत्ते आणि फासेसुद्धा, सगळ्याला मुद्रांक. विचार करा, हा कर कुणाला टोचला? वकील, छापखानेवाले, व्यापारी, खानावळवाले. म्हणजे गावात ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा, नेमके तेच. वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला. पण 1766 मध्ये तो मागे घेतानाच संसदेने दुसरा कायदा करून ठेवला: वसाहतींवर कुठल्याही बाबतीत कायदा करायचा आमचा हक्क अबाधित आहे. भांडण तिथे पैशांवरून हक्कावर गेलं. 'आमचा प्रतिनिधी तुमच्या संसदेत नाही, तर आमच्यावर कर कसा?' रक्कम किती याला मग महत्त्व उरत नाही.

आणि चहाचं तर उलटंच आहे. 1773 च्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता! ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली होती, तिच्या गोदामांत न विकलेला चहा पडून होता. संसदेने तिला चहा थेट वसाहतींत विकायची सवलत दिली. पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर मात्र तसाच ठेवला. स्वस्त चहा प्याल तर कराचा हक्क मान्य केल्यासारखं होईल, ही बोस्टनवाल्यांची अडचण. शिवाय स्थानिक व्यापारी आणि चोरटी आयात करणारे, दोघांच्याही पोटावर पाय. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री तीन जहाजांवरच्या 342 पेट्या समुद्रात गेल्या. उत्तरादाखल ब्रिटनने बोस्टन बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सची सनद कापली. बाकीच्या वसाहतींनी ते पाहिलं, आणि आज बोस्टन तर उद्या आपण हे त्यांना कळलं. 1774 च्या सप्टेंबरात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. 19 एप्रिल 1775 ला लेक्झिंग्टन आणि काँकर्डला गोळ्या झडल्या.

पाऊलवाट

धन्यवाद कागदपत्र काका, चहा स्वस्त होणार होता हे मला अजिबात माहीत नव्हतं.

दख्खनी

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव निघालंच आहे तर आमच्या बाजूने थोडं. ज्या 1773 साली संसदेने कंपनीला वाचवायला चहाचा कायदा केला, त्याच साली कंपनीला लगाम घालायला रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला. वॉरन हेस्टिंग्ज त्यातूनच पहिला गव्हर्नर जनरल झाला. बंगालातल्या 1770 च्या भीषण दुष्काळानंतर कंपनीची अवस्था काय झाली होती, हे दोन्ही कायद्यांच्या मागे आहे. बोस्टनचा चहा चीनचा होता, पण कंपनीची दिवाळखोरी बंगालच्या मातीतली.

पुढे बघा. अमेरिकेचं युद्ध 1775 ते 1783. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध 1775 ते 1782. वडगावला इंग्रजांनी मान तुकवली ती जानेवारी 1779 मध्ये, अमेरिकेत साराटोगाला ब्रिटिश सेनापती बर्गॉइनने शरणागती पत्करल्यानंतर सव्वा वर्षाने. साराटोगा (17 ऑक्टोबर 1777) महत्त्वाचं अशासाठी की त्यानंतर फ्रान्स उघडपणे उतरला. 6 फेब्रुवारी 1778 ला अमेरिका आणि फ्रान्सचा तह झाला. फ्रान्स उतरला आणि युद्ध जगभर पसरलं. कडलूरला इंग्रज आणि फ्रेंच 1783 च्या जूनमध्येही लढत होते. युरोपात शांतता झाल्याची बातमी पोचली तेव्हा थांबले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या शेवटच्या लढाया तमिळ किनाऱ्यावर झाल्या, असं म्हटलं तर चूक नाही. आणि 1782 मध्ये डेलावेअरच्या खाडीत पेनसिल्व्हेनियाच्या ज्या जहाजाने ब्रिटिश जहाज पकडलं, त्याचं नाव होतं 'हैदर अली'.

म्हणून मला वाटतं, सांजवात ताई, युद्धाला तुम्ही जरा कमी लेखताय. यॉर्कटाउन एकट्या वॉशिंग्टनने जिंकलं नाही. 5 सप्टेंबर 1781 ला द ग्रासच्या फ्रेंच आरमाराने चेसापीकच्या तोंडाशी ब्रिटिश आरमाराला परतवलं, म्हणून कॉर्नवॉलिस कोंडला गेला. जमिनीवर रोशाम्बोची फ्रेंच फौज होती. त्याच फ्रान्सचा खजिना पुढे 1789 मध्ये कोसळला.

कॉर्नवॉलिस शरणागतीच्या समारंभाला आला नाही. तब्येतीचं कारण सांगून त्याने आपली तलवार ओहारा नावाच्या सेनानीबरोबर पाठवली. हाच कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. 1792 मध्ये श्रीरंगपट्टणपुढे टिपूविरुद्ध तो उभा होता तेव्हा त्याच्या जोडीला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते. अमेरिका गमावलेल्या माणसाबरोबर आपली फौज शेजारी तळ ठोकून होती, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या मुत्सद्द्यांनी तो माणूस कुठून हरून आलाय आणि इथे काय करायला आलाय हे ओळखायला हवं होतं.

सांजवात

दख्खनी, मान्य. फ्रेंच आरमाराशिवाय यॉर्कटाउन नाही. युद्ध कमी कठीण होतं असं मला म्हणायचं नव्हतं. 1777-78 च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जला तळावर सुमारे 12,000 माणसं होती, त्यातली 2,000 च्या आसपास रोगराईने गेली. तिथे जाऊन त्या लाकडी झोपड्यांच्या प्रतिकृतीत उभं राहिलं की घसा दाटतो. मला एवढंच म्हणायचंय की फ्रान्सचं आरमार युद्ध जिंकून देऊ शकतं, सरकार बनवून देऊ शकत नाही.

जुनाबाजार

धागा वाचनीय, पण सरकार 'बनलं' ते कोणासाठी, हेही बोलूया. 1786 चं मॅसॅच्युसेट्स बघा. युद्धात लढलेल्या शेतकऱ्यांना पगाराऐवजी कागद मिळाले होते. घर चालवायला त्यांनी ते कागद मातीमोल भावात विकले, ते घेतले सटोडियांनी. मग राज्याने त्याच कर्जाची फेड करायला कर वाढवला, आणि तो नाण्यांत भरा म्हणून सांगितलं. ज्याने लढून कागद कमावला त्यानेच आता कर भरून त्याचे पूर्ण पैसे सटोडियाला द्यायचे. कर थकला की जमीन जप्त, नाहीतर तुरुंग.

ऑगस्ट 1786 मध्ये नॉर्दॅम्प्टनला शेतकऱ्यांनी कोर्टच बंद पाडलं. कोर्ट बसलं नाही तर जप्ती कशी होणार? त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक डॅनियल शेज, स्वतः युद्धातला कॅप्टन. 25 जानेवारी 1787 ला ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. तोफा डागल्या गेल्या, चार जण ठार झाले. नंतर बर्फातून पाठलाग करून त्यांना पांगवलं ते जनरल बेंजामिन लिंकनने. तेच लिंकन, ज्यांच्या हातात यॉर्कटाउनला ओहाराने तलवार दिली होती! आणि त्यांच्या फौजेचा पैसा आला होता बोस्टनच्या व्यापाऱ्यांकडून, कारण राज्याच्या तिजोरीत नव्हता.

चार महिन्यांत फिलाडेल्फियाची परिषद भरली. बंद दाराआड, पहारेकरी उभे करून. माझ्या मते ती शेतकऱ्यांच्या भीतीने भरली.

सांजवात

जुनाबाजार, भीती होती हे खरंय, परिषदेतले लोक स्वतःच तसं लिहून गेलेत. आता 1787 वर येते.

इंडिपेंडन्स हॉलमधली ती खोली आम्ही तीनदा पाहिली. दरवेळी वाटतं, इतकी लहान? हिरवे टेबलक्लॉथ, मेणबत्त्या, पुढे एक उंच पाठीची खुर्ची. याच खोलीत 1776 चा जाहीरनामा मंजूर झाला आणि याच खोलीत 25 मे ते 17 सप्टेंबर 1787 घटना लिहिली गेली. दोन्हींवर सही असलेली माणसं फक्त सहा. त्यातले फ्रँकलिन 81 वर्षांचे.

परिषदेला काम दिलं होतं जुन्या करारनाम्यात दुरुस्ती सुचवण्याचं. पण व्हर्जिनियाचे प्रतिनिधी नवाच आराखडा घेऊन आले होते, मुख्यतः मॅडिसनच्या डोक्यातून आलेला. त्यात दोन सभागृहं, दोन्हींत लोकसंख्येनुसार जागा. न्यू जर्सीच्या पॅटर्सनने लहान राज्यांची बाजू मांडली: एक राज्य, एक मत, आहे तसंच राहू द्या. उकाड्याचे दिवस, आणि मोडता मोडता राहिलेली बोलणी. 16 जुलैला तोड निघाली: खालच्या सभागृहात लोकसंख्येनुसार, वरच्या सभागृहात प्रत्येक राज्य समान. पाच राज्यं बाजूने, चार विरोधात, मॅसॅच्युसेट्सची मतं आपसांत फुटलेली. आज वायोमिंग आणि कॅलिफोर्निया दोघांनाही दोन-दोन सिनेटर असतात ते त्या एका मतामुळे.

राष्ट्राध्यक्ष एक असावा की तीन, हेही त्यांना ठरवावं लागलं. एकच ठेवायचा हे सुचवल्यावर बराच वेळ कोणी बोलेना. कारण ज्याला पहिलं पद मिळणार तो वॉशिंग्टन समोर परिषदेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत गप्प बसला होता.

55 जण कधी ना कधी हजर होते, 39 नी सह्या केल्या. ऱ्होड आयलंड आलंच नाही. मेसन, गेरी आणि रँडॉल्फ शेवटपर्यंत थांबले, पण सही करणार नाही म्हणाले. मेसनचं मुख्य दुखणं, यात नागरिकांच्या हक्कांची सनदच नाही.

आता जुनाबाजार यांचा मुद्दा. बंद दाराआड लिहिलं, खरं. पण लागू कसं केलं? राज्यांच्या विधिमंडळांकडे नाही, प्रत्येक राज्यात लोकांनी निवडलेल्या स्वतंत्र सभांकडे पाठवलं. नऊ राज्यांनी मान्य केलं की लागू. (जुन्या करारात तेरा लागत होती, म्हणजे हे नियमाबाहेरचंच होतं.) पुढचे दहा महिने खानावळीत, चर्चमध्ये, वर्तमानपत्रांत नुसता वाद. न्यूयॉर्कमध्ये हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांनी घटनेच्या बाजूने टोपणनावाने 85 लेख लिहिले. व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्रीने सरळ विचारलं, 'आम्ही लोक' म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? 'आम्ही राज्यं' का नाही? मॅसॅच्युसेट्स 187 विरुद्ध 168. व्हर्जिनिया 89 विरुद्ध 79. न्यूयॉर्क 30 विरुद्ध 27. आणि जे ऱ्होड आयलंड परिषदेला आलंच नव्हतं ते 1790 च्या मेमध्ये 34 विरुद्ध 32 ने आलं. वॉशिंग्टनला पदावर बसून वर्ष झालं होतं!

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचते. इतकं काठावरचं, आणि हरलेल्यांनी बंदुका काढल्या नाहीत. त्यांची मुख्य मागणी ऐकली गेली म्हणून काढल्या नाहीत. मॅसॅच्युसेट्सने 'मान्य, पण या दुरुस्त्या करा' अशी वाट काढली, मागून इतर राज्यं त्याच वाटेने आली. मॅडिसनला आधी हक्कांची सनद गरजेची वाटत नव्हती, त्यानेच 8 जून 1789 ला ती सभागृहात मांडली. 15 डिसेंबर 1791 ला दहा दुरुस्त्या लागू झाल्या.

जुनाबाजार

मुद्दा पोचला. तरी त्या सभांना मत कोणी दिलं? बहुतेक ठिकाणी मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांनी.

ओलमाती

एक अपवाद न्यू जर्सीचा. 1776 च्या तिथल्या घटनेत मतदार म्हणजे 50 पौंडांची मालमत्ता असलेले 'सर्व रहिवासी', पुरुष असा शब्दच नाही. त्यामुळे मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया आणि विधवा मतदान करत होत्या. (लग्न झालं की मालमत्ता नवऱ्याची.) 1807 मध्ये तो हक्क काढून घेतला. मिळालेला हक्क परत जाऊ शकतो, हे मला फार लागलं. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सने 31 मार्च 1776 च्या पत्रात नवऱ्याला लिहिलं होतं की नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका. जॉन अ‍ॅडम्सने ते हसण्यावारी नेलं.

उंबर

इतका वेळ थांबलो, कोणीतरी बोलेल म्हणून. 1790 ची पहिली जनगणना: सुमारे 39 लाख माणसं, त्यातली जवळजवळ 7 लाख गुलाम. त्यांच्याबद्दल सांजवात यांच्या 1787 च्या वर्णनात एक ओळ नाही.

जागा लोकसंख्येनुसार ठरल्या ना, मग लोकसंख्येत गुलाम धरायचे का? दक्षिणेचं म्हणणं, धरा. मत द्यायला नव्हे, मालकांच्या जागा वाढवायला. तोड निघाली तीन-पंचमांशाची. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. आफ्रिकेतून माणसं आणायचा व्यापार 1808 पर्यंत काँग्रेसने बंद करायचा नाही. पळून गेलेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर परत द्यायचा. आणि हे सगळं लिहिताना 'गुलाम' हा शब्द मूळ घटनेत एकदाही येत नाही. 'इतर व्यक्ती' म्हटलंय. शब्द लिहायची लाज वाटली, पण कलम लिहिलंच. 1776 मध्येही जेफर्सनने जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर टाकणारा परिच्छेद लिहिला होता, तो काँग्रेसने वगळला. लिहिणारा स्वतः गुलाम बाळगून होता.

पण त्या शब्दांचा अर्थ ज्यांना लावायचा होता त्यांनी लावला. मॅसॅच्युसेट्समधली बेट नावाची गुलाम बाई. राज्याच्या 1780 च्या घटनेत सगळी माणसं स्वतंत्र आणि समान जन्मतात असं लिहिलंय, हे तिने ऐकलं आणि वकील गाठला. 1781 मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या ज्यूरीने तिला मोकळं केलं. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं. अमेरिकेचा राज्यकारभार कसा सुरू झाला हे सांगताना तिचं नाव मॅडिसनच्या शेजारी यायला हवं.

आपला दुवाही सांगतो. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. तरुणपणी त्यांनी थॉमस पेन वाचला होता. तोच पेन, ज्याच्या जानेवारी 1776 च्या पुस्तिकेने वसाहतींतल्या साध्या माणसाला राजा नको हे पटवलं. पुण्यातल्या त्या वाचकाला अमेरिकेत काय घ्यायचं आणि कोणाची बाजू घ्यायची हे स्पष्ट होतं.

सांजवात

उंबर, तुम्ही बरोबर आहात. ते मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, 'तक्रारी पुढे येतील' म्हणून मागे ढकलायला नको होतं. व्हॅली फोर्जला घसा दाटतो असं मी लिहिलं, आणि त्याच सेनापतीच्या माउंट व्हर्नन या इस्टेटीवर गुलामांच्या राहण्याच्या खोल्या पाहिल्यात मी. तोड निघाली हे मी कौतुकाने सांगितलं, पण तोडीची किंमत ज्यांनी दिली ते त्या खोलीत नव्हते.

कागदपत्र

याला जोडून. इरोक्वाय महासंघ, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातींचा संघ, त्या खोलीत नव्हता आणि पॅरिसलाही नव्हता. त्यातले ओनायडा अमेरिकनांच्या बाजूने लढले, जोसेफ ब्रँटचे मोहॉक ब्रिटिशांच्या. 1779 मध्ये अमेरिकन सेनानी सलिव्हनच्या फौजेने त्यांची गावं आणि उभी पिकं जाळली. 1783 च्या तहात ब्रिटनने मिसिसिपीपर्यंतची जमीन अमेरिकेला दिली. तिथे राहणाऱ्यांचा उल्लेखही तहात नाही.

पाऊलवाट

आपल्या घटनेने यातलं काय घेतलं? 'आम्ही भारताचे लोक' तिथूनच आलंय ना?

कागदपत्र

सुरुवातीच्या शब्दांचं साम्य उघड आहे. पण डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला मसुदा मांडताना फरकही सांगितला. ते स्वतः 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, त्यामुळे ही व्यवस्था त्यांनी जवळून पाहिली होती. अमेरिकेत राज्यांनी करार करून संघ केला, आपला संघ करारातून आलेला नाही, म्हणून कोणाला त्यातून बाहेर पडायचा हक्क नाही. अमेरिकेत नागरिकत्व दुहेरी, आपलं एकच. वरच्या धाग्यातली ती साडेसात वर्षं डोळ्यांपुढे ठेवून आंबेडकरांचं हे भाषण वाचलं की एकेक वाक्य उलगडतं.

आणखी एक, हक्कांच्या सनदेबद्दल. मॅडिसनच्या वेळी राज्यांकडे बारा दुरुस्त्या गेल्या, मान्य झाल्या दहा. उरलेल्यांपैकी एक खासदारांच्या पगाराबद्दलची होती: वाढ केली तर ती पुढच्या निवडणुकीनंतर लागू. तिला मुदत घातलेली नव्हती. 1982 मध्ये टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याच्या हे लक्षात आलं, त्याने राज्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली, आणि 1992 मध्ये ती सत्ताविसावी दुरुस्ती म्हणून घटनेत आली. 1789 चा कागद, 1992 ला मंजूर. एवढी वर्षं कागद जिवंत राहतो हे माझ्यासारख्याला फार मोठं वाटतं.

दख्खनी

उंबर, युद्धात गुलामांचं काय झालं? कोणत्या बाजूने होते ते?

उंबर

दोन्ही. पण जास्त पळून गेले ते ब्रिटिशांकडे. नोव्हेंबर 1775 मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं होतं, बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्याकडून लढतील ते मुक्त. 1783 मध्ये ब्रिटिश न्यूयॉर्क सोडून निघाले. वॉशिंग्टनने ब्रिटिश सेनापती कार्लटनला भेटून, पळालेले गुलाम परत हवेत असा आग्रह धरला. कार्लटनने दिलेला शब्द मोडायला नकार दिला. जहाजावर चढणाऱ्या सुमारे 3,000 काळ्या माणसांची नावं एका वहीत नोंदवली गेली.

त्या वहीत एक नाव आहे हॅरी वॉशिंग्टन. जन्म आफ्रिकेतला. 1763 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने त्याला विकत घेतलं होतं. तो माउंट व्हर्ननच्या तबेल्यात घोडे सांभाळायचा. युद्धात निसटला, ब्रिटिशांबरोबर राहिला, जुलै 1783 मध्ये नोव्हा स्कोशियाला गेला. तिथे थंडी आणि नापीक जमीन. 1792 मध्ये शेकडो कुटुंबांबरोबर आफ्रिकेला परतला, सिएरा लिओनला, फ्रीटाउनच्या नव्या वसाहतीत.

ती वसाहत चालवत होती लंडनची एक कंपनी. तिने या लोकांच्या जमिनीवर सारा बसवला. ते म्हणाले, आम्हाला विचारलं नाही, आम्ही भरणार नाही. 1800 मध्ये त्यांनी आपलेच कायदे लिहून दारावर लावले आणि कंपनीविरुद्ध उठले. कंपनीने फौज आणून मोडून काढलं. लष्करी न्यायालयापुढे उभं केलेल्यांत हॅरी वॉशिंग्टन होता. त्याला खाडीपलीकडच्या बुलम किनाऱ्यावर हद्दपार केलं. त्याआधी सुमारे दहा महिने, डिसेंबर 1799 मध्ये, त्याचा जुना मालक माउंट व्हर्ननला आपल्या घरी वारला होता.